जळक्या ऑइलच्या चार वाटण्या

“बाद!” आप्पा व्हरांड्यातून कडाडले.

मी अंगणात मोटरसायकलखाली आडवी पडले होते. हातातला पाना निसटून घरंगळत गल्लीतल्या बाबालालचाचांच्या पायाशी गेला होता आणि चाचा तो उचलून मला देत होते. गुन्हा एवढाच.

“अवो आप्पा, पाना दिला फकस्त. गाडीला कुठं हात लावला?”

“पानासुद्धा द्यायचा नाही. होता तिथं ठेवा. तिचा ती घेईल.”

चाचांनी पाना होता तिथं ठेवला. पुन्हा वाकून तो जरा उजवीकडे सरकवला, कारण आधी तो तसाच पडला होता. मी सरपटत गेले, पाना घेतला आणि सरपटत परत आले. व्हरांड्यात आप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. काट्यावर गाडी उभी राहिली की आमदाराचा ऊस असो नाहीतर भिकाऱ्याचा, काटा थांबेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही, असा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर काटा कारखान्यात राहिला, खाक्या मात्र घरी आला.

मी पशुधन पर्यवेक्षकाचा कोर्स केला होता आणि माझी नेमणूक घाटापलीकडच्या धामणवाडीच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडे एसटी दिवसातून एकदाच जायची, तीही तिच्या मर्जीनं. म्हणजे गाडी हवी. घरात गाडी एकच, आप्पांची मोटरसायकल. आप्पांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पतसंस्थेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पंखा, खुर्ची, दुपारचं जेवण घरी. “म्हशीच्या मागं हिंडण्यापेक्षा बरं,” असं त्यांचं म्हणणं. घरात आठवडाभर नुसती धुसफूस चालू होती. मी जेवायची नाही, आई रडायची, आणि आप्पा मात्र दोघींच्या वाटणीचं शांतपणे जेवायचे.

शेवटी त्यांनी अट घातली. “त्या घाटात गाडी बंद पडली तर कुणाला हाक मारणार? म्हशीला? गाडीचं काम स्वतःच्या हातानं करून दाखव. बॅटरीचं पाणी, केबलचं वंगण आणि इंजिनचं ऑइल. कुणाचा हात लागता कामा नये. दिवेलागणीच्या आत गाडी चालू झाली तर चावी तुझी. नाही झाली तर सोमवारी पतसंस्था.”

“कधी करू?”

“रविवारी.”

मी खुशीत हो म्हणाले. मग कॅलेंडर बघितलं तर रविवारी अमावास्या. आमच्याकडे अमावास्येला गॅरेजवाले शटर उघडत नाहीत. पार्टची दुकानं बंद, मेस्त्री बंद, पंक्चरवालासुद्धा बंद. माझा नट तुटला काय किंवा वायसर फाटला काय, गावात कुणी मला वाली नाही. आप्पांनी मापात जराही चूक केली नव्हती.

तरी मी नवं ऑइल आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं. सकाळी बॅटरीत पाणी भरलं, केबलला वंगण दिलं. जेवणं झाल्यावर इंजिन थोडं चालवून तापवलं, म्हणजे आतलं ऑइल पातळ होतं, आणि गाडी डबल स्टँडला लावून खाली परात सरकवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गाडीच्या पोटाखालचा, ऑइल सोडायचा बोल्ट काही केल्या हलेना.

आणि तोपर्यंत अंगणात माणसं जमली होती.

ज्यांनी कधी घरी ऑइल बदललं नसेल त्यांना हे कळणार नाही. जळकं ऑइल म्हणजे आमच्या गल्लीत प्रसाद. गॅरेजमधलं ऑइल मेस्त्री कुणाला देत नाही, त्याची ठरलेली गिऱ्हाइकं असतात. त्यामुळे कुणी घरी ऑइल बदलतंय असं कळलं की लोक डबे घेऊन येतात. बाबालालचाचांचं सेंट्रिंगचं काम होतं, त्यांना स्लॅबच्या प्लेटांना लावायला ऑइल हवं. समोरच्या हौसाक्काच्या चौकटीला वाळवी लागली होती. कोपऱ्यावरचा धोंडीराम गवळी म्हशींच्या गोचिडांवर ते लावायचा. तिघंही आपापलं भांडं घेऊन आमच्या जास्वंदीखाली ओळीनं बसली होती. हात लावायची बंदी होती, तोंडाला नव्हती.

“उलटं फिरव गं पोरी,” हौसाक्का म्हणाली.

“खालनं बघतीया ती. खालनं उलटं म्हंजे सुलटं,” धोंडीराम म्हणाला.

“पर ती झोपलीया तिकडं डोकं करून. म्हंजे परत उलटं.”

“मग उठून बस म्हणावं.”

मी खरंच उठून बसले. पाना बोल्टला लावला, दोन्ही हात मागे टेकले आणि टाच लावून पाना रेटला. आई स्वयंपाकघराच्या दारातून किंचाळली, “वैजू! वाहनाला लाथ मारतीस? आन ती बी आवसंला?”

“वाहनाला नाही आई, पान्याला मारतेय.”

दुसऱ्या रेट्याला करकन आवाज झाला आणि बोल्ट हलला. जास्वंदीखालची तिघं उभी राहिली. मी पुन्हा आडवी झाले आणि बोल्ट हातानं फिरवायला लागले. शेवटच्या आट्याला तो बोटातून सुटला, वायसरसकट परातीत पडला आणि त्याच्यामागून कढत, काळं ऑइल माझ्या मनगटावर आलं.

मी बोंब मारून उठले. आईनं मला नळाखाली नेलं, थंड पाणी सोडलं, कोरफड कापून आणली. कोरफड लावताना तिला परात आठवली.

“खाली कुठली परात लावलीस?”

“माळ्यावरची. जुनी.”

“कडंला नक्षी हाय ती?”

मी मनगटावरची कोरफड चोळायला लागले. ती आईच्या माहेरची, पुरणाची परात होती. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी नळाखाली हात आणि आईखाली मान घालून उभी होते. बाहेरून भांड्यांचे आवाज येत होते, पण लक्ष द्यायची ती वेळ नव्हती.

परत अंगणात आले तर जास्वंदीखाली कुणी नव्हतं. आप्पांची खुर्चीही रिकामी होती, वर्तमानपत्र खुर्चीवर होतं. गाडीखाली परात होती. रिकामी. नुसती रिकामी नाही, राखेनं लख्ख घासून पालथी घातलेली. गाडीच्या पोटातून शेवटचे थेंब तिच्या पाठीवर टपटप पडत होते.

मी परात उचलली. खाली काही नव्हतं. अंगण चाळलं, जास्वंदीचं आळं उकरलं. बोल्ट नव्हता.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बोल्ट ऑइलमध्ये होता आणि ऑइल गल्लीत वाटलं गेलं होतं.

बोल्टशिवाय गाडीत नवं ऑइल घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. अमावास्येला दुसरा बोल्ट मिळणार नव्हता. उन्हं भिंतीवरून वर सरकायला लागली होती. मी फाटक ढकललं आणि पळाले.

आमच्या फाटकाबद्दल सांगायला हवं. ते उघडताना असं किंचाळायचं की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. माझ्या लहानपणापासून ते तसंच होतं. बाबालालचाचांनी एकदा आपणहून बिजागरीत तेल सोडायचा प्रयत्न केला, तेव्हा आप्पा त्यांच्यावर असे चिडले की दोघं दिवाळीपर्यंत बोलत नव्हते. “चोर आला तर कळतं,” हे आप्पांचं कारण. आता आमच्या घरात चोरानं न्यावं असं काय होतं, हे मला कधी कळलं नाही. कॉलेजात असताना मी सिनेमा बघून कितीही गुपचूप आले तरी फाटक बोंबलायचं आणि आतून आप्पांची हाक यायची, “कोण? वैजू?” झोपेतसुद्धा.

आताही ते किंचाळलं. पण हाक आली नाही.

हौसाक्का दारातच चौकटीला ऑइल चोपडत बसली होती. हातात जुना दाढीचा ब्रश, चेहरा समाधानी.

“हौसाक्का, ऑइल कुणी वाटलं?”

“मी वाटलं. पळीनं. चार जागी सारखं, कुणाला उणं न्हाई. आन तुज्या आईची परात बी घासून ठिवली.”

“पण गाडीला हात लावायचा नव्हता ना!”

“गाडीला कुठं लावला? ऑइलला लावला. इचार की तुज्या बाला, तिथंच हुता.”

“आक्का, त्यात माझा बोल्ट होता.”

तिनं ब्रश खाली ठेवला. आपल्या गाडग्यात हात घातला, मग चौकटीवरून बोटं फिरवली, जणू बोल्ट चोपडला गेला असेल. मग हळहळत आत गेली आणि दाणे काढलेल्या मक्याची बिट्टी घेऊन आली. “ही घाल भोकात. माज्या तेलाच्या डब्याला हीच हाय, थेंब गळत न्हाई.”

मी तिच्या पाया पडून धोंडीरामच्या गोठ्याकडे पळाले.

धोंडीरामनं ऑइल संपवलं होतं. त्याची मोठी म्हैस मानेपासून कासेपर्यंत काळी कुळकुळीत चमकत होती. एरवीही ती काळीच होती, पण आता तिच्यात तोंड दिसलं असतं. डबा रिकामा, बोल्ट नाही. मी वळून पळणार तेवढ्यात म्हशीनं मान वळवली आणि खांदा चाटायला सुरुवात केली.

माझे पाय थांबले. खरं सांगते, थांबावं असं वाटत नव्हतं. वर बघितलं तर पत्र्यावरचं ऊन पिवळं झालं होतं.

“मामा, हे पुसा. पोटात गेलं तर आजारी पडेल. जळकं ऑइल जनावराला लावायचं नसतं.”

“माजा बा लावायचा की.”

“आणि म्हशी?”

“त्या मरायच्याच की मधनंमधनं,” धोंडीराम म्हणाला आणि स्वतःच भुस्कट आणायला वळला.

मग आम्ही दोघांनी मिळून ती म्हैस धुतली. भुस्कटानं पुसली, कपड्याच्या साबणानं घासली, पुन्हा धुतली. म्हशीनं दोनदा शेपूट माझ्या तोंडावर मारलं. गोचिडांचं औषध कुठलं आणायचं ते मी सांगितलं आणि धोंडीरामनं ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. सगळं झाल्यावर तो म्हणाला, “तू पतसंस्थेत जाऊ नगंस बघ. तिथं तुजं काय काम?”

“बोल्ट मिळाला नाही तर उद्या तिथंच आहे मी,” मी म्हणाले आणि पळत सुटले.

बाबालालचाचांच्या वखारीत पोचले तेव्हा चाचा प्लेटा पुसून उभ्या करत होते. त्यांनी माझं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “पोरी, मी ऑइल गाळून घेतो. कचरा आला की स्लॅबला डाग पडतो. ही बघ गाळणी.” चहाची गाळणी होती. तिच्यात एक मुंगळा आणि जास्वंदीचं पान होतं.

“चाचा, एखादा जुना बोल्ट?”

चाचांनी खिळ्यांचा अख्खा डबा जमिनीवर ओतला. सेंट्रिंगचे हातभर लांबीचे बोल्ट निघाले, दाराचे कब्जे निघाले, एक सायकलची घंटी निघाली. माझ्या गाडीला बसेल असं काही नव्हतं. आम्ही दोघं त्या ढिगाशी उकिडवे बसलो होतो.

“तुजा बाप वाईट माणूस न्हाई,” चाचा मधेच म्हणाले. “आज तर...” आणि जीभ चावून थांबले.

“आज काय?”

“काय न्हाई. जा घरी. आप्पांनी सांगितलंय, बोलायचं न्हाई.”

आप्पांनी गल्लीलाही गप्प बसवलं, असं मला वाटलं. मला इतका राग आला की रडू आलं. ओली सलवार पायाला चिकटली होती, केसांत म्हशीच्या शेपटीचा चिखल होता, मनगट चुरचुरत होतं. उद्या मी पतसंस्थेच्या खुर्चीत बसणार आणि जन्मभर लोकांच्या पासबुकांवर शिक्के मारणार. माझ्यासमोर धामणवाडीच्या म्हशी दिसत होत्या. एकही अजून बघितली नव्हती, तरी दिसत होत्या.

गल्लीत कुठेतरी पहिला दिवा लागला. मी आमच्या फाटकाशी आले आणि ते ढकललं.

आत आले. दोन पावलं गेले आणि थबकले.

काहीतरी चुकत होतं. काय ते आधी कळेना. मग कळलं. कुत्री झोपलेलीच होती.

मी वळून फाटक पुन्हा ढकललं. ते गेलं आणि आलं, चकार शब्द न काढता. बिजागरीवरून काळा ओघळ खाली आला होता. खाली, खांबाशी, आप्पांचा दाढीचा मग होता. ब्रश कुठे होता तो मी मघाशी हौसाक्काच्या हातात बघितलाच होता.

चार जागी सारखं.

आप्पा व्हरांड्यात खुर्चीवर होते. कोपरापर्यंत हात काळे. नाकावरसुद्धा एक बोट उमटलं होतं. गुडघ्यावर वर्तमानपत्र होतं आणि त्यावर पुसून लख्ख केलेला माझा बोल्ट, शेजारी वायसर.

“मगात निघाला,” आप्पा म्हणाले. “तुझाच ना?”

मी बोल्ट उचलून घेतला.

“टाकणार होतो,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “आडापर्यंत गेलो होतो.”

“मग?”

“मग काय? फाटकाला ऑइल घालून बसलो होतो की आधीच. म्हटलं, आता हिला घरात ठेवून उपयोग काय? कधी गेली, कधी आली, कळणार आहे का?” त्यांनी नाक पुसलं, तिथं आणखी काळं झालं. “तू टाच लावून बोल्ट सोडवलास तेव्हाच उठलो दाढीचा मग घेऊन. त्या गॅरेजवाल्या मेस्त्र्यालासुद्धा तो बोल्ट सुटत नव्हता मागच्या वेळी.”

“चोरासाठी होतं ना फाटक?”

“कुठला चोर?” आप्पा चिडून म्हणाले. “घरात आहे काय न्यायला? तुझा आवाज आल्याशिवाय मला झोप लागत नाही, एवढंच होतं ते. आता त्या घाटातनं येशील कुठल्या वेळी, आणि तुझं फाटक सगळ्या गल्लीला उठवेल. लोक काय म्हणतील? बघतेस काय, दिवा लागायचाय अजून आपल्याकडं.”

आई खरोखरच देवघरात काडेपेटी हातात धरून उभी होती. ती पेटवत नव्हती. “किती येळ गं? वात भिजत घातलीया मी,” ती आतून म्हणाली. आमच्या घरातली दिवेलागण त्या दिवशी आईच्या हातात होती, हे आप्पांच्या काट्यात बसलं नव्हतं.

मी आडवी झाले, बोल्ट लावला, टाचेनं नाही, हातानं घट्ट केला. नवं ऑइल ओतलं, काडी बुडवून पातळी बघितली, पुसून परत बघितली. फाटकाबाहेर तिघं उभी होती. आत यायची हिंमत कुणाला नव्हती. हौसाक्काच्या हातात अजून ती बिट्टी होती.

पहिली किक फुकट गेली. दुसरी गेली. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. तिसऱ्या किकला इंजिन फुरफुरलं आणि लागलं. मी चालू ठेवलं, खाली वाकून बघितलं. एक थेंब नव्हता.

आईनं दिवा लावला. आप्पांनी चावीबद्दल काही म्हटलं नाही, ती गाडीलाच होती. ते एवढंच म्हणाले, “मनगटाला काय लावलंस का?” आणि हात धुवायला गेले. ते काळं ऑइल त्यांच्या नखांतून आठवडाभर गेलं नाही.

सोमवारी उजाडायच्या आधी मी गाडी बाहेर काढली. आईनं दहीभात दिला, साखर दिली, चाकाखाली लिंबू ठेवलं. आप्पा उठले नव्हते. त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी फाटक उघडलं. ते गुमान उघडलं. मी बाहेर आले, लावलं. तेही गुमान लागलं.

आणि मला पुढे जाववेना. एवढी वर्षं ज्या आवाजाला मी शिव्या घातल्या, तोच आता नव्हता. कुणी मला जाताना ऐकलंच नाही असं वाटलं. मी गाडी स्टँडला लावली, फाटकाला दोन्ही हातांनी धरलं आणि पोटातून ओरडले, “आप्पा! मी वैजू! चाललेय!”

गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहिली.

आतून ताबडतोब आवाज आला. झोपेतला मुळीच नव्हता. “कळलं! ओरडू नको, लोक झोपलेत.”

पुढे धामणवाडीत मी सात वर्षं काढली, मग बदल्या झाल्या, मग स्वतःची गाडी आली. पण त्या घरात मी जेव्हा जेव्हा आले-गेले, तेव्हा फाटकाशी थांबून ओरडले. फाटक कधी कुरकुरलं नाही. दर दिवाळीला आप्पा स्वतः त्याच्या बिजागरीत ऑइल सोडायचे, आणि मला बजावून सांगायचे की तुझ्या ओरडण्याची गल्लीत तक्रार आहे.